व्हॅनवरचा तारपा

पितृपक्षात माझी शेड रिकामी असते. त्या पंधरवड्यात गाडीला नवा रंग मारून घ्यायला कोणी येत नाही. चुकून कोणी आलंच, तर बायको घरून फोन करून त्याला परत बोलावते. मग घट बसतात आणि नाशिकमध्ये अंबडच्या रस्त्यावर माझ्या शेडपुढे गाड्यांची रांग लागते. सगळ्यांना एकच दिवस हवा असतो. दसऱ्याला सकाळी बॉनेटवर झेंडूची माळ पडली पाहिजे आणि माळेखालचा रंग कोरा करकरीत पाहिजे. नऊ दिवसांत मी किती गाड्या करणार, हा विचार फक्त माझ्या डोक्यात असतो.

लोक ऑक्टोबरच्या उन्हाला शिव्या घालतात. मला ते ऊन आवडतं. पावसाळ्यात मारलेला रंग हवेतली ओल पितो आणि पांढरट पडतो, कितीही पॉलिश करा. या दिवसांत हवा कोरडी होते. वरचा चकाकीचा थर, ज्याला आम्ही नुसतं क्लिअर म्हणतो, तो फवारणीच्या गनमधून सुटतो आणि पत्र्यावर शांतपणे बसतो. दुपारी दोनच्या सुमारास शेडमध्ये थिनरचा वास दाटतो आणि तिकडे पेठच्या पलीकडे, डोंगरात, माझ्या पाड्यावर भात पिवळं पडलेलं असतं. नवा तांदूळ आला की आढ्याला टांगलेला तारपा खाली उतरतो. भोपळ्याचं आणि बांबूचं ते लांबलचक वाद्य फुंकायला छाती लागते. माझ्या वडिलांकडे ती होती. मी गनसाठी कॉम्प्रेसर घेतला.

यंदा दुसऱ्या माळेला शैला मॅडमची व्हॅन आली. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या, आता पंच्याहत्तरीला टेकलेल्या, पण व्हॅन अजून स्वतः चालवतात. खाली उतरून त्यांनी व्हॅनच्या कुशीवर हात फिरवला. बारा वर्षांचं ऊन खाऊन गेरूचा रंग विटका झाला होता, चित्रातली पांढरी माणसं ठिकठिकाणी सोलून निघाली होती. "सगळं घासून नवं करा," त्या म्हणाल्या. "चित्र मात्र हेच हवं." मी बरं म्हणालो. व्हॅन कोपऱ्यात लावली आणि चार दिवस तिला हात लावला नाही. येता-जाता तिच्याकडे पाठ करून दुसऱ्यांच्या गाड्या घासत राहिलो.

बारा वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या भागातल्या दोन वस्त्यांमध्ये दगडफेक झाली. मिरवणूक कुठल्या रस्त्यानं न्यायची यावरून सुरू झालं आणि दुकानांच्या काचांवर संपलं. पोलीस आले, गेले, परत आले. नंतरची शांतता मला जास्त त्रासदायक वाटायची, कारण रस्त्यानं माणसं एकमेकांकडे न बघता चालायची. माझा डेंटर सलीम कामावर यायचा बंद झाला. आठ वर्षं आम्ही एका शेडमध्ये काम करत होतो. तो पत्रा सरळ करायचा, मी त्यावर रंग चढवायचो. त्याचं घर माझ्या शेडपासून चालत दहा मिनिटांवर. मी त्याला दोनदा फोन केला. तो म्हणाला, "भाई, थोडे दिवस जाऊ दे." मी जाऊ दिले. उठून त्याच्या दारात जावं, हे मला सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. सुचलं होतं. लोक बघतील म्हणून गेलो नाही.

त्याच आठवड्यात मॅडम पहिल्यांदा शेडवर आल्या. त्यांनी चार माणसं जमवून शांतता फेरी काढायचं ठरवलं होतं. माइक नाही, घोषणा नाहीत. एक जुनी व्हॅन घेऊन दोन्ही वस्त्यांत हिंडायचं, ज्याच्या दारी जाऊ तिथे बसायचं. व्हॅनवर काहीतरी चित्र हवं होतं. मी एअरब्रशनं कबुतरं काढून देतो म्हणालो. वाघ, ज्वाळा, गरुड, कबुतर हे सगळं माझ्या हातात बसलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, "कबुतरं नकोत हो. भांडण झालं की आपण सगळीकडे कबुतरं काढतो आणि ती कोणाचीच नसतात. माणसं काढा. एकत्र असलेली."

मी तीन दिवस कागदावर रेघोट्या मारल्या. शेवटी हातातून जो उतरला तो तारप्याचा नाच होता. मध्ये तारपावाला, त्याच्याभोवती कमरेत हात गुंफलेली माणसं, दोन त्रिकोणांची, काडीसारख्या पायांची. लहानपणी जे बघितलं ते इतक्या वर्षांनी कसं उतरलं, कोण जाणे.

आई तेव्हा माझ्याकडे होती. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं म्हणून मी तिला सिडकोतल्या घरी आणलं होतं. ऑपरेशन झालं, पण फ्लॅटमध्ये तिचा जीव रमेना. रोज सकाळी माझ्यासोबत शेडवर यायची. नेसूचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं, कपाळावर, हनुवटीवर गोंदण. कोपऱ्यात पोतं अंथरून बसायची आणि हाताला काम पाहिजे म्हणून माझे वॉटर पेपर, रंग घासायचे कागद, पाण्यात भिजवून एकावर एक नीट रचून ठेवायची. हिरव्या चष्म्याआडून तिनं माझं चित्र बघितलं.

"गोल मिटवला कशाला रं, काशा?" ती म्हणाली.

मी म्हणालो, गोल आहे, मिटवायलाच पाहिजे, नाहीतर अर्धवट दिसतं.

"आपल्यात नाय मिटवत. शेपटी मोकळी ठेवत्यात. शेवटच्याचा एक हात रिकामा ऱ्हातो. मागनं कोन येल त्यानं धरायचा." मग म्हणाली, "भांडलेली मानसं पन त्याच नाचात नाचत्यात. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. कोन चुकला ते कोनी इचारत नाय. फिरता फिरता समोरासमोर येत्यातच. तोंड कुठं लपवनार?"

हे सगळं मला माहीत होतं. मी त्या शेपटीत नाचलो होतो. पण आमच्या धंद्यात डिझाइन दोन्ही बाजूंनी सारखं लागतं. उघडी रेघ दिसली की गिऱ्हाईक विचारतं, काम संपलं नाही का? म्हणून मी गोल मिटवला. आईनं पुन्हा विषय काढला नाही.

इथं माझ्या आडनावाबद्दल सांगायला हवं. माझं आडनाव पवार. पवार म्हटलं की लोक आपापल्या सोयीनं समजून घेतात, आणि नाशिकमध्ये आल्यापासून मी त्यांना समजून घेऊ दिलं. खोटं एकदाही बोललो नाही. नुसती समोरच्याची समजूत दुरुस्त केली नाही. "तुमचं गाव कुठलं?" म्हटलं की मी "पेठकडे" म्हणायचो आणि लगेच गाडीच्या रंगाचं कार्ड पुढे करायचो. पाहुण्यांच्या लग्नांना जाणं कमी केलं. बोलीतला हेल घासून घासून काढला, जसा जुना रंग काढतात, पत्रा दिसेपर्यंत. कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. कोणी छळलंही नव्हतं. पहिल्या मालकाकडे काम शिकताना एकदा तो दुसऱ्याला म्हणाला होता, "जंगलातली पोरं, रंगाचा डबा दिला तर पितील." सगळे हसले होते आणि मीही हसलो होतो. ते हसू पुढे माझ्या कामाला आलं.

व्हॅनची एक बाजू तयार झाली त्या दिवशी शेडमध्ये मोरे साहेब बसले होते. गंगापूर रोडला त्यांचा बांधकामाचा व्यवसाय. मोठ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर त्यांना वाघाचं तोंड हवं होतं, जबडा उघडा. माणूस मोकळा, जोरात बोलणारा. माझी ओळख त्यांच्याच शब्दावर गंगापूर रोडच्या बंगल्यांपर्यंत पोचली होती. व्हॅनकडे बघून ते म्हणाले, "पवार, हे काय नवीन? आदिवासी आर्ट?" मी म्हणालो, मॅडमची ऑर्डर आहे. तेवढ्यात मॅडमच आल्या. त्यांनी चित्र बघितलं. मग त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या आईकडे बघितलं, तिच्या गोंदणाकडे बघितलं, आणि माझ्याकडे वळून अगदी आनंदानं म्हणाल्या, "तुम्ही यांच्यातलेच का? मग तुम्हीच चला ना आमच्याबरोबर. आमच्यात सगळे बोलून बोलून थकलेत. तुमच्या पाड्यावर भांडण कसं मिटवतात, एवढंच सांगा लोकांना."

मोरे साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. कदाचित चहा संपला असेल. पण मला वाटलं, ते माझं उत्तर ऐकायला थांबलेत.

मी म्हणालो, "छे हो मॅडम. मी नाही त्यातला. डिझाइन मोबाइलवर बघितलं."

"मग या आजी?"

"गावाकडच्या आहेत. कामाला ठेवलंय."

आईच्या हातात ओला वॉटर पेपर होता. तिनं तो झटकला, बाकीच्यांवर ठेवला आणि दुसरा घेतला. मॅडम म्हणाल्या, "मग यांनाच नेऊ का फेरीला? येतील?" मी म्हणालो, "न्या की." शेजाऱ्यानं शिडी मागावी आणि आपण ती द्यावी, तितक्या सहज मी तिला देऊन टाकलं.

संध्याकाळी घरी जाताना मी स्कूटरवर काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आई मागून म्हणाली, "त्या बाईची गाडी चांगली दिसती." बस, तेवढंच. मला वाटलं तिनं ऐकलं नाही. निदान ऐकू आलेलं समजलं नसावं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मोरे साहेब वाघ बघायला आले आणि पोत्यावरून उठून आई मला म्हणाली,

"मालक, चा सांगू का?"

त्या दिवसापासून शेडमध्ये परका माणूस असला की मी मालक असायचो. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी रागावलो असतो आणि सगळं सोपं झालं असतं. माझं खोटं तिनं मन लावून सांभाळलं. माणूस गेला की पुन्हा काशा. आणि मी? मी पहिल्यांदा चपापलो, दुसऱ्यांदा खाली बघितलं आणि तिसऱ्या-चौथ्यांदा म्हणालो, "हां, दोन सांग." सवय लागायला चार दिवससुद्धा लागले नाहीत, हे आठवलं की आजही हातातला ब्रश खाली ठेवावा लागतो.

फेरीला ती रोज दुपारी जायची; व्हॅनची दुसरी बाजू मी सकाळी रंगवत होतो. एका दुपारी मॅडमना घेऊन ती सलीमच्या दारात गेली. हे मला सलीमनंच नंतर सांगितलं. पदराखालून तिनं पोचे आलेलं अॅल्युमिनियमचं पातेलं काढलं आणि म्हणाली, "एवढा पोचा काढून दे रं बाबा. तुज्याशिवाय कोनाला जमनार?" वस्तीबद्दल, दगडांबद्दल एक शब्द नाही. त्यानं हातोडी आणली, पातेलं सरळ केलं, त्याच्या आईनं चहा केला. दुसऱ्या दिवशी सलीम शेडवर आला आणि काही झालंच नाही असं एका दरवाज्याच्या मागे लागला. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं. "मालक," आई म्हणाली, "साहेब आलेत." सलीमच्या हातातली हातोडी थांबली. ती कोण आहे हे त्याला ठाऊक होतं, तिच्या हातची भाकर त्यानं खाल्ली होती. त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आईनं त्याला मानेनंच 'राहू दे' म्हटलं. त्यानं हातोडी पुन्हा चालवायला घेतली, जरा जास्तच जोरात.

दोन्ही वस्त्या हळूहळू निवळल्या. एकदम काही झालं नाही. दुकानं उघडली, लोक एकमेकांच्या उघड्या दुकानांत शिरायला लागले. मॅडम म्हणतात त्यात फेरीचा वाटा थोडा आणि पोटाचा जास्त. दिवाळी झाली तशी आई पाड्यावर परत गेली. भात झोडायला माणूस नाही म्हणाली. मी पेठपर्यंत एसटीनं तिला सोडायला गेलो. तिथून पुढे जीप असते. जीपमध्ये बसल्यावर तिनं खिडकीतून माझा हात हातात घेतला, उलटा करून बघितला. नखांत रंग होता. "थिनरनं धूत नको जाऊस रोज," ती म्हणाली. "कातडी जाती." दोन वर्षांनी माघात ती गेली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. त्या दोन वर्षांत मी पाच वेळा तिच्यासमोर बसलो होतो. पाचही वेळा आम्ही पावसाबद्दल बोललो.

मागच्या महिन्यात कोणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. परदेशातला एक गाड्या रंगवणारा, माझ्याच वयाचा. बॉनेटवर त्यानं आपल्या आजीच्या माणसांची रांग रंगवली होती. चेरोकी म्हणतात त्या लोकांना, तिकडच्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांना त्यांच्या जमिनीवरून हाकललं, तेव्हा ती माणसं चालत किती लांब गेली ते तो सांगत होता. माझं इंग्रजी अर्धंमुर्धं, पण युद्ध नको म्हणून तो मोर्च्यात जातो आणि जाताना तीच गाडी नेतो, एवढं कळलं. बोलताना त्याचा हात बॉनेटवरच होता. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. त्याच्या लोकांना हाकललं तरी तो आजीला घट्ट धरून बसला होता. मला कोणी हाकललं नव्हतं. मी आपल्या पायांनी, एसटीचं तिकीट काढून निघून आलो, आणि आई मागे मागे आली तर तिची ओळख दाखवली नाही. कौतुक वाटायला हवं होतं त्या माणसाचं. मला त्याचा रागच आला.

पाचव्या माळेला मॅडम व्हॅन बघायला आल्या. व्हॅन होती तशीच होती. त्या सलीमनं दिलेल्या खुर्चीवर बसल्या. मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, "आजी शेवटी कुठे होत्या हो?"

मी बारा वर्षं हे वाक्य तोंडात घोळवलं होतं. कसं म्हणायचं, कुठे थांबायचं, सगळं ठरवलेलं. प्रत्यक्षात ते एका दमात बाहेर पडलं. "मॅडम, ती माझी आई होती."

"हो," मॅडम म्हणाल्या. "माहितीये मला."

सलीमनं कॉम्प्रेसर बंद केला.

"पहिल्याच फेरीला व्हॅनमध्ये मी त्यांना विचारलं होतं, पगारबिगार नीट देतो का तो? तर हसायला लागल्या. म्हणाल्या, पोसा हाय माजा. पोटचा पोर. मी गाडी बाजूलाच घेतली. मला फार राग आला होता तुमचा, खरंच सांगते. तशीच परत फिरणार होते. तर त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला." मॅडमनी आईच्या बोलण्याची आठवण करत करत ते शब्द म्हटले. "म्हणाल्या, तुमी त्याला वळख दाखवू नका. लाजला तर त्याचा हात हालंल, आन् तुमचं चित्र बिघडंल."

मग त्या म्हणाल्या, "मी शब्द दिला होता. म्हणून गप्प राहिले."

म्हणजे मॅडमना माहीत होतं. सलीमला माहीत होतं. आईला तर होतंच. शेडमधलं ते मालक-मालक मी समजत होतो की लोकांसाठी चाललंय. ते माझ्यासाठी चाललं होतं, माझा हात हलू नये म्हणून. आणि माझा हात खरोखर हलला नाही. घासायला घेतल्यावर जवळून बघितलं, त्या वर्षीची एकूण एक रेघ सरळ आहे. इतकी सरळ की बघवत नाही.

दोन दिवस मी स्वतः घासलं, सलीमलाही हात लावू दिला नाही. प्रायमर, गेरू, मग पांढरा. या वेळी एअरब्रश घेतला नाही. आई पाड्यावर भिंतीला काढायची तशी काडीचं टोक ठेचून घेतलं. रेघा जाडबारीक आल्या. शेपटी मोकळी ठेवली. शेवटच्या माणसाचा एक हात बाहेर, रिकामा. ते बाईमाणूस आहे, डोक्यामागे अंबाडा आहे, एवढं केलं. खाली नाव घालावं असं वाटलं, तिचं. पण नाव घालून मी सुटणार होतो, म्हणून घातलं नाही.

क्लिअर मारण्याआधी चित्र वाळत होतं तेव्हा मोरे साहेब आले. आता केस पांढरे झालेत, आवाज तसाच. वाघाची गाडी केव्हाच विकली, नवी आणलीय. व्हॅनपुढे येऊन ते उभे राहिले, हात मागे बांधून.

"हे मागेपण केलं होतं ना तुम्ही? मस्त आहे. कुठे शिकलात?"

"आईकडून," मी म्हणालो. "आम्ही वारली. पेठकडचे. मागे इथं कोपऱ्यात बसायची ना, ती माझी आई."

काडी माझ्या हातातच होती. मी थांबलो. सलीमही थांबला.

"असं होय," मोरे साहेब म्हणाले. "चहा छान सांगायच्या त्या." मग त्यांनी आपल्या गाडीकडे बोट केलं. "पवार, तो उजव्या दारावरचा चरा दसऱ्याच्या आत निघेल ना?"

"निघेल," मी म्हणालो.

ते गेले. त्यांच्या गाडीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत मी तिथेच उभा होतो. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी माझ्या आईला कामाला ठेवलं होतं.